बंदुकीला नुसता रंग द्यायचा, तरी लायसन्स?

अमेरिकेत राहणाऱ्या एका मराठी वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: 'मी संध्याकाळी गॅरेजमध्ये गाड्यांच्या रिमना पावडर कोटिंग करून देतो. ओव्हन आहे, ब्लास्टिंगचं कॅबिनेट आहे. आता ओळखीतले लोक पिस्तुलं आणि रायफली सेराकोट, म्हणजे सिरॅमिकचा पातळ, टिकाऊ रंग फवारून आणि भट्टीत भाजून, करून मागतायत. एकाने तर त्याचं पिस्तूल आणूनच ठेवलंय. मी बंदूक विकणार नाही, दुरुस्त करणार नाही, नुसता रंग देणार. तरी लायसन्स लागेल का? आणि पुढेमागे जुन्या बंदुका घेऊन, नव्यासारख्या करून विकायच्या ठरवल्या तर?'

हो, लागेल. पैसे घेऊन, धंदा म्हणून हे काम करणार असाल तर फेडरल फायरआर्म्स लायसन्स, म्हणजे ज्याला सगळे एफएफएल म्हणतात ते, हातात पडल्याशिवाय एकही बंदूक आत घेऊ नका. 'नुसता रंग' हे शब्द मी या कामात २२ वर्षं ऐकतोय. म्हणून आधी त्यांचाच उलगडा करतो.

कायद्याला तुमच्या रंगाशी काही देणंघेणं नाही. त्याला हवा असतो तो बंदुकीचा माग: नंबर असलेली ही वस्तू काल कोणाकडे होती, आज कोणाच्या ताब्यात आहे, उद्या कोणाकडे जाणार. तुमच्या ओव्हनमध्ये टांगलेली बंदूक तुमच्या ताब्यात असते. रात्री गॅरेज फुटलं तर ती तुमच्याकडून गेली. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत. ते असेच का आहेत हे आपलं आपल्याला कळत जातं.

मूळ कायदा १९६८ चा गन कंट्रोल ॲक्ट. त्यात 'डीलर'च्या व्याख्येतच बंदुका दुरुस्त करणारा आणि खास बॅरल, दस्ता किंवा चापाची यंत्रणा बसवून देणारा येतो. म्हणून गनस्मिथचं, म्हणजे बंदुकांच्या कारागिराचं, लायसन्स आणि बंदुकीच्या दुकानदाराचं लायसन्स एकच आहे, टाइप ०१. त्या व्याख्येत रंगाचा उल्लेख नाही, आणि त्यावरूनच पुष्कळ वर्षं वाद चालायचा. एक बाजू म्हणायची, रंग देणारा गनस्मिथच नाही. दुसरी म्हणायची, बंदुकीवर काम केलं म्हणजे ती 'बनवली', तेव्हा उत्पादकाचं लायसन्स हवं. २००९ मध्ये एटीएफने, म्हणजे हे सगळं ज्यांच्या अखत्यारीत येतं त्या फेडरल खात्याने, रूलिंग २००९-१ काढून हा वाद मिटवला. रंग मारून, डिपिंग करून किंवा टेप लावून बंदुकीला कॅमोफ्लाज देणं आणि तिच्या बाहेरच्या पृष्ठभागावर नक्षी कोरणं ही कामं मुख्यतः रूप बदलणारी आहेत. ती करणाऱ्याला उत्पादकाचं लायसन्स लागत नाही, पण धंदा म्हणून करणाऱ्याला डीलरचं, म्हणजे गनस्मिथचं, लागतंच. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इतकं सरळ आहे.

आता धंदा कशाला म्हणायचं? जो नेमाने, वेळ आणि श्रम घालून, पोटापाण्यासाठी आणि नफ्यासाठी हे काम करतो तो धंदा करतो, असं कायदा म्हणतो. कधीमधी एखादी दुरुस्ती करून देणारा त्यात धरलेला नाही. स्वतःच्या बंदुकीला तुम्ही हवा तो रंग द्या, लायसन्स लागत नाही. अमुक इतक्या बंदुकांनंतर धंदा सुरू झाला, असा आकडा मात्र कायद्यात कुठेच नाही. लोक तो आकडा शोधत बसतात आणि तिथेच फसतात. इन्स्टाग्रामवर कामाचे फोटो, 'पिस्तुलाचे इतके, रायफलीचे इतके' असं दरपत्रक आणि मागे वाट बघत असलेली चार गिऱ्हाइकं असतील, तर तिसऱ्याच बंदुकीला 'मी कधीमधी करतो' हे कोणी ऐकून घेणार नाही. लायसन्सशिवाय धंदा केल्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. लायसन्सची फी पहिल्या ३ वर्षांसाठी २०० डॉलर आणि नंतर दर ३ वर्षांनी ९० डॉलर आहे. यात तोलून बघण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

एक कायदेशीर वाट मात्र आहे आणि तुमच्यासारख्या नव्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी असं मला मनापासून वाटतं. फेडरल कायद्याच्या लेखी 'बंदूक' म्हणजे नंबर असलेला मुख्य सांगाडा: पिस्तुलाची फ्रेम, रायफलीचा रिसीव्हर. पिस्तुलाची वरची स्लाइड, बॅरल, लाकडी दस्ता, मॅगझिन, स्कोपची कडी हे सुटे भाग म्हणजे बंदूक नव्हे. एआर-१५ मध्ये खालचा रिसीव्हर ही बंदूक, वरचा नाही. सिग सावरच्या पी३२० मध्ये तर नंबर आतल्या चाप-यंत्रणेच्या छोट्या पोलादी सांगाड्यावर असतो आणि बाहेरची प्लास्टिकची मूठ म्हणजे नुसतं प्लास्टिक. तेव्हा गिऱ्हाइकाने दारातच स्लाइड उतरवून तुमच्या हातात दिली आणि फ्रेम स्वतःच्या बॅगेत टाकून घरी नेली, तर तुमच्याकडे बंदूक आलीच नाही. मी स्वतः पहिली दीड वर्षं फक्त स्लाइड, बॅरल आणि दस्ते केले. हात बसला, गिऱ्हाईक जोडलं गेलं आणि लायसन्सचा अर्जही निवांत भरता आला. काही स्लाइडवर आणि बॅरलवरही नंबर असतो, तो पाहून घाबरू नका. कायदा फ्रेमवरचा नंबर धरतो. उलट बोल्ट-ॲक्शन रायफल घ्यायची झाली तर तिचं बॅरल रिसीव्हरमध्ये घट्ट पिळून बसवलेलं असतं. ते वेगळं करणं हेच गनस्मिथचं काम झालं. ती लायसन्स येईपर्यंत नकोच.

सायलेन्सरला हा हिशेब लागू नाही. सायलेन्सर स्वतःच 'बंदूक' धरला जातो आणि त्यावर १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टची वेगळी नोंदणी असते. तेच आखूड बॅरलच्या रायफलींचं. लायसन्स असलेल्या गनस्मिथला त्या कामासाठी तात्पुरत्या ठेवता येतात, पण एटीएफचा सल्ला आहे की आधी मालकाच्या नावाने फॉर्म ५, म्हणजे ताबा तात्पुरता गनस्मिथकडे देण्याचा अर्ज, मंजूर करून घ्यावा. मी तो आल्याशिवाय सायलेन्सरला हात लावत नाही. गिऱ्हाईक घाईत असेल तर त्याला दुसरीकडे जायला सांगतो.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो: जुन्या बंदुका घेऊन, नव्यासारख्या करून विकणं. इथे खेळ बदलतो. गनस्मिथकडे बंदूक येते ती दुसऱ्याच्या मालकीची आणि काम झालं की त्याच माणसाकडे परत जाते. तुम्ही बंदूक विकत घेतलीत, तिच्यावर काम केलंत आणि बाजारात विकलीत, तर तुम्ही तिचे मालक आहात आणि तुमचा हेतू विक्रीचा आहे. मग एटीएफ विचारतं की हे उत्पादन झालं का. त्यांनीच दिलेलं एक उदाहरण बोलकं आहे. एका कंपनीने लष्कराच्या जुन्या रायफली घेतल्या, दस्ते काढून नवे बसवले, बंदुका साफ केल्या, ब्लूइंगसाठी, म्हणजे पोलादाला रसायनाने निळसर-काळी झाक द्यायला, दुसऱ्याकडे पाठवल्या आणि मग विकल्या. हे उत्पादन आहे आणि त्या कंपनीला उत्पादकाचं लायसन्स हवं, असं एटीएफ म्हणतं. गंमत पाहा, तिथे ब्लूइंग करून देणारा कंत्राटदार बंदुकीचा मालक नाही, तो काम करून परत पाठवतो. २०१० च्या रूलिंग २०१०-१० मध्ये हे आणखी स्पष्ट केलंय. लायसन्स असलेल्या उत्पादकासाठी किंवा आयातदारासाठी गनस्मिथ असं काम करू शकतो, मात्र बंदूक जराही त्याच्या मालकीची नको, काम संपल्यावर ती त्याच उत्पादकाकडे किंवा आयातदाराकडे जायला हवी आणि तिच्यावर त्यांच्या खुणा (नाव, नंबर वगैरे) आधीच नियमाप्रमाणे असायला हव्यात.

म्हणून विकत घेऊन, बदल करून विकण्याचा विचार पक्का असेल तर सुरुवातीलाच टाइप ०७, म्हणजे उत्पादकाचं लायसन्स घ्या. त्यात गनस्मिथचं काम आणि विक्री दोन्ही करता येतात. ३ वर्षांची फी १५० डॉलर, म्हणजे डीलरच्या पहिल्या फीपेक्षा कमीच. पण फी कमी म्हणून सरसकट ०७ घेणाऱ्यांना मी थांबवतो. उत्पादकाला आपल्या बंदुकांवर आपल्या खुणा कोराव्या लागतात, दरवर्षी १ एप्रिलपर्यंत किती बनवल्या याचा अहवाल द्यावा लागतो (एकही बनवली नसली तरी), आणि वर्षाला ५० किंवा त्याहून जास्त बनवल्या की विक्रीवर फेडरल अबकारी कर लागतो, पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर १० टक्के आणि इतर बंदुकांवर ११ टक्के. गिऱ्हाइकाची बंदूक रंगवून परत द्यायची एवढंच करणाऱ्याने हे ओझं डोक्यावर का घ्यावं?

परराष्ट्र खात्याची नोंदणी लागते का, असंही अनेकजण विचारतात. त्यामागे खरी भीती होती. २०१६ मध्ये त्या खात्याने गनस्मिथांसाठी एक मार्गदर्शन काढलं. बॅरलला आटे पाडणं, चेंबर बदलणं अशा कामांना शस्त्र-निर्यात नियमांखाली नोंदणी हवी असं त्यात होतं आणि तिची फी तेव्हा वर्षाला २२५० डॉलर होती. एकट्याने दुकान चालवणारे कितीतरी लोक त्या आकड्याने हबकले. त्याच कागदात सेराकोट, हायड्रोग्राफिक रंग आणि ब्लूइंगला नोंदणी लागत नाही असं स्पष्ट लिहिलं होतं. मार्च २०२० पासून तर साध्या, सेमी-ऑटोमॅटिकपर्यंतच्या बहुतेक बंदुका त्या यादीतून निघून वाणिज्य खात्याकडे गेल्या. ही काळजी सोडून द्या.

अर्ज करायच्या आधी स्वतःचा व्हिसा पाहा. हे मी मराठी मंडळींना मुद्दाम सांगतो, कारण इंग्रजीतल्या माहितीत हे सहसा कोणी सांगत नाही. एच-१बी किंवा तसल्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक बाळगायलाच फेडरल कायद्याने मनाई आहे. शिकारीचा परवाना असलेल्यांना वगैरे काही अपवाद आहेत, पण त्यांच्या आधाराने धंदा उभा राहत नाही. शिवाय एच-१बीवर ज्या कंपनीसाठी आलात ती सोडून स्वतःचा धंदा करणं इमिग्रेशनच्या नियमातही बसत नाही. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर प्रश्न नाही. व्हिसावर असाल तर मित्राचं पिस्तूल गॅरेजमध्ये ठेवून घेणं हाच गुन्हा ठरू शकतो, मग लायसन्स, धंदा हे सगळं पुढचं.

अर्जाचं काम वाटतं तितकं अवघड नाही. वय २१ पूर्ण हवं. फॉर्म ७ भरायचा, बोटांचे ठसे आणि फोटो जोडायचे आणि एक प्रत स्थानिक पोलीसप्रमुखाला किंवा शेरीफला पाठवायची. मग एटीएफचा अधिकारी भेटीला येतो. पूर्ण भरलेल्या अर्जावर ६० दिवसांत निर्णय द्यावा असं कायदा म्हणतो. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा पत्त्यावर. लायसन्स माणसाला मिळतं तसंच ते जागेलाही बांधलेलं असतं. त्या पत्त्यावर असा धंदा करायला शहराच्या झोनिंगची परवानगी हवी. भाड्याचं घर असेल तर मालकाचं लेखी पत्र ठेवा, सोसायटीसारखी एचओए असेल तर तिचे नियम आधी वाचा. घर बदलायचं झालं तर किमान ३० दिवस आधी कळवावं लागतं. माझ्याकडे आलेला अधिकारी दोन तास बसला होता. त्यातला दीड तास त्याने एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली: बंदूक दारातून आत आली की तुम्ही आधी काय करता? मी म्हटलं, 'रिकामी आहे का बघतो आणि मग वहीत लिहितो.' तेव्हा कुठे त्याने पुढचा कागद काढला.

त्या वहीबद्दल जरा विस्ताराने सांगतो, कारण रंग देणारे लोक गोत्यात येतात ते वहीमुळेच.

बंदूक आत आली की दुसऱ्या कामाच्या दिवसाचं कामकाज संपायच्या आत तिची नोंद व्हायला हवी: बनवणारा, परदेशी असेल तर आयात करणारा, मॉडेल, सिरियल नंबर, प्रकार, कॅलिबर, तारीख आणि कोणाकडून आली त्याचं नाव-पत्ता. परत गेली की ७ दिवसांच्या आत ती कोणाकडे गेली ते. दुरुस्ती-रंगकामाची वही विक्रीच्या वहीपासून वेगळी ठेवता येते आणि ठेवावीच. खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर एक सरळ रेघ मारून, शेजारी बरोबर लिहून, आद्याक्षरं आणि तारीख टाकायची. पूर्वी या नोंदी २० वर्षं ठेवायच्या होत्या. ऑगस्ट २०२२ च्या नियमाने त्या धंदा चालू असेपर्यंत जपायच्या झाल्या. धंदा बंद केला की त्या वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला एटीएफच्या केंद्रात जातात. गिऱ्हाईक समोर थांबलं आणि त्याच दिवशी बंदूक घेऊन गेलं तर नोंद लागत नाही, पण सेराकोटमध्ये तसं कधी होत नाही. ब्लास्टिंग, डीग्रीसिंग, फवारा आणि मग धातूला २५० फॅरनहाइटवर २ तास ओव्हन. शिवाय आपल्या आधी रांगेत दहा बंदुका असतातच. म्हणजे प्रत्येक बंदूक मुक्कामाला राहणार आणि प्रत्येकीची नोंद होणार.

एटीएफ वर्षातून एकदा वॉरंटशिवाय तपासणीला येऊ शकतं. ते प्रत्येक बंदूक हातात घेतात, नंबर मोठ्याने वाचतात आणि दुसरा माणूस वहीत शोधतो. मग उलटं, वहीत परत गेल्याची नोंद नसलेली प्रत्येक बंदूक शेल्फवर दाखवावी लागते. एका तपासणीत माझी एक रायफल सापडेना. चाळीस मिनिटांनी आठवलं, तिचा रिसीव्हर ओव्हनमध्ये तारेला टांगलेला होता आणि बाकीची रायफल डब्यात सुटी पडली होती. त्या दिवसापासून माझ्याकडे प्रत्येक बंदुकीच्या प्रत्येक सुट्या भागाला पितळी बिल्ला असतो आणि ओव्हनच्या दारावर आत काय आहे त्याची चिठ्ठी. चोरी झाली किंवा बंदूक हरवली तर कळल्यापासून ४८ तासांत एटीएफला आणि स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्यामुळे 'सापडेल कुठेतरी' म्हणत बसायला वेळ नसतो.

परत देताना एक सोय आहे आणि तिच्यातच एक खाच आहे. ज्याच्याकडून बंदूक घेतली त्यालाच परत देताना फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक घेणाऱ्याने स्वतःची माहिती लिहून द्यायचा फॉर्म, भरावा लागत नाही, पार्श्वभूमी-तपासणी लागत नाही. दुसऱ्या राज्यातला माणूस स्वतःची बंदूक तुमच्याकडे पाठवू शकतो आणि तुम्ही ती थेट त्याच्या घरी परत पाठवू शकता. पण 'त्यालाच' हा शब्द अक्षरशः घ्यायचा. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थाने वडिलांची दुनळी ब्लूइंगला टाकली. महिन्याने त्याचा धाकटा भाऊ आला, पावती त्याच्याकडे, पैसे त्याच्याकडे, तोंडवळाही हुबेहूब तोच. मी त्याला म्हटलं, फॉर्म भरा, तपासणी होऊ द्या, नाहीतर दादाला पाठवा. तो चिडला, मला दोन शब्द ऐकवून गेला. दुसऱ्या दिवशी मोठा भाऊ आला आणि म्हणाला, 'बरं झालं दिली नाहीत.' कारण त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बायको, मुलगा, जिवलग मित्र, सगळ्यांना हाच नियम. मध्यंतरी मालकाला गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाल्याचं तुम्हाला कळलं, तर त्यालाही बंदूक परत देता येत नाही.

आता सिरियल नंबर. रंगकाम करणाऱ्याच्या हातून नकळत होणारा सगळ्यात मोठा गुन्हा इथे घडतो. नंबर पुसलेली किंवा बदललेली बंदूक जाणूनबुजून जवळ ठेवणं हाही ५ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. ३० जानेवारी २००२ पासून कोरलेले नंबर किमान ०.००३ इंच खोल असावे लागतात. सेराकोटचा थर साधारण ०.००१ इंचाचा, तेव्हा नव्या बंदुकीवर नीट फवारा मारला तर आकडे बुजत नाहीत. पण एकाच जागी दोनदा हात फिरला, कोपऱ्यात रंग साचला, की ३ चा ८ दिसायला लागतो. खाली ॲल्युमिनियम ऑक्साइडचं ब्लास्टिंग आकड्यांच्या कडा खातं आणि वरून रंग त्या भरतो. मी नंबरावर ब्लास्टिंगच्या वेळी उष्णता सोसणारी टेप लावतो, मग तेवढा भाग हाताने हलका खरवडून घेतो. ग्लॉकसारख्या प्लास्टिकच्या फ्रेममध्ये नंबर एका छोट्या पोलादी पट्टीवर असतो. ती पट्टी शेवटपर्यंत झाकलेलीच ठेवतो, तिच्यावर रंग नाहीच. आणि प्लास्टिकच्या फ्रेमला २५० चा ओव्हन द्यायचा नाही, ती वाकडी होते.

जुन्या बंदुकांचं आणखी नाजूक. ब्लूइंगच्या आधी पॉलिशिंग करावं लागतं आणि बफवर पाच सेकंद जास्त धरलं की शंभर वर्षांपूर्वी ठोकलेला उथळ नंबर सपाट होतो. अशी बंदूक आली की मी आधी नंबरावर पांढरा खडू घासून पुसतो. खडू आकड्यांच्या खाचेत राहतो. मग बाजूने टॉर्च धरून भिंगातून वाचतो आणि गिऱ्हाईक समोर असतानाच फोटो काढतो. आकडा वाचता येत नसेल तर बंदूक घेतच नाही. नंबराभोवतीची जागा लाकडाच्या पट्टीवर सँडपेपर गुंडाळून हातानेच घासायची, बफ तिथे न्यायचाच नाही. नंबर फिका झाला म्हणून पंच आणि हातोडी घेऊन तोच नंबर पुन्हा ठोकायचा मोह कुणालाही होईल. करू नका. काम थांबवा, एटीएफला विचारा, लेखी उत्तर घ्या. १९६८ च्या आधीच्या काही .२२ रायफली आणि शॉटगनवर नंबर मुळातच नसतो. त्या कायदेशीर आहेत. वहीत 'नंबर नाही' असं लिहायचं, आपल्या मनाने घालायचा नाही. घरी बनवलेल्या बिननंबरी बंदुकांचं मात्र वेगळं आहे. २०२२ च्या नियमाप्रमाणे अशी बंदूक मुक्कामाला ठेवली की ७ दिवसांत, किंवा परत द्यायच्या आधी, तिच्यावर नंबर कोरावा लागतो. मी त्या घेतच नाही.

राज्याचे कायदे फेडरलच्या वर आणखी असतात. न्यूयॉर्कमध्ये आणि मॅसॅच्युसेट्समध्ये गनस्मिथला राज्याचं वेगळं लायसन्स लागतं. न्यूयॉर्क शहरात तर बंदुकीला खेळण्यासारखा भडक रंग देण्यावरच बंदी आहे. आपल्या राज्याच्या पोलिसांच्या किंवा ॲटर्नी जनरलच्या संकेतस्थळावर 'गनस्मिथ' हा शब्द शोधून, मिळेल ते अर्ज भरायच्या आधी वाचा.

राहिलं ते तुमच्या गॅरेजमधलं पिस्तूल. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल, तर आज संध्याकाळी मित्राला बोलवा. त्याच्यासमोर मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढा, चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि करंगळी घालून चाचपा. लोक 'रिकामं आहे' म्हणून देतात आणि आतून काडतूस निघतं, हे मी एकदा नव्हे, सहा-सात वेळा पाहिलंय. मग स्लाइड उतरवा, ती तुमच्याकडे ठेवा आणि फ्रेम त्याच्या हातात द्या. स्लाइडला जो हवा तो रंग द्या, बिल करा. फ्रेमला रंग हवा असेल तर त्याला सांगा, लायसन्स आलं की फोन करतो. व्हिसावर असाल, तर ते उघडूही नका, आहे तसं आजच्या आज त्याला घेऊन जायला सांगा.